काशीला निघालेला माणूस

वैदेही आणि तेजस,

वैदेहीच्या लग्नाच्या कार्डावर आईच्या कार्डावरचा काशीयात्रेचा नवरदेव हवा, हा तुमचा निरोप मिळून आज नऊ दिवस झाले. तो ठसा माझ्याकडे आहे. कपाटाच्या दुसऱ्या खणात, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला, वर चिठ्ठी लावलेली. फोटो काढून पाठवायला पाच मिनिटे लागतील असे तेजस म्हणाला. ती पाच मिनिटे मला नऊ दिवसांत सापडलेली नाहीत, आणि आईला वाटते आहे की आजीला फोनमधले जमत नाही. जमते. पण ठशाच्या आधी तुम्हाला अण्णांबद्दल सांगायला हवे, आणि मी एकदा लिहून ठेवलेल्या एका खोट्या ओळीबद्दलही. कार्ड येत्या सोमवारी छापायला जाणार म्हणता, तेव्हा हे आत्ताच लिहायला हवे. वाचताना कुठे अडलात तर आईला विचारू नका, मला विचारा. यातले बरेचसे तिलाही ठाऊक नाही.

अण्णा वर्तमानपत्र उलटे धरून बघायचे. उलटे म्हणजे मथळा खाली आणि तळ वर. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, या गृहस्थांना वाचता येत नाही आणि ते लपवायचे आहे. तसे नव्हते. बसवनगुडीतल्या एका आडव्या रस्त्यावर, आमच्या तेव्हाच्या घराजवळ, त्यांचा छापखाना होता, लग्नाची आणि मुंजीची कार्डे छापायचा. खाली छापखाना, वर घर. चाळीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाला उलटे अक्षर सुलट्यापेक्षा लवकर कळते. पण तेही कारण नव्हते. विचारले तेव्हा म्हणाले, "वाचायला लागलं की दिसायचं बंद होतं, अक्का. उलटं धरलं की नुसतं डिझाइन राहतं. कुठे काळं जास्त झालंय, कुठे हवा सोडलीय, सगळं दिसतं बघा."

ते मला अक्का म्हणत आणि मी त्यांना अण्णा. दोघांनीही एकमेकांना वडीलकीचा मान दिल्यामुळे आमच्यात मोठे कोण, हे शेवटपर्यंत ठरले नाही. त्यांचे घराणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेले. घरात मराठी टिकून होती, पण तिला कन्नडची फोडणी होती. माझी मराठी बेळगावची, शिक्षण कॉन्व्हेंटचे, आणि नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकांची कार्डे करण्याची. तेहतीस वर्षे मी कार्डे लिहिली. एकाही कार्डावर खाडाखोड नाही, याचा मला फार अभिमान होता.

अण्णा जमवत ते मात्र इथले काही नव्हते. ते जमवत दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकन वर्तमानपत्रे. सुरुवात एका योगायोगाने झाली. एका जुन्या मिशन बंगल्यातले सामान निघाले, त्यात वेगवेगळ्या गावांचे आणि सालांचे पेपर एकत्र शिवलेला एक जाड गठ्ठा होता. रद्दीवाल्याने तो अण्णांना मशीन पुसायला कागद म्हणून आणून दिला. अण्णांनी पहिले पान उघडले. वर पंख पसरलेला गरुड, त्याच्या चोचीत फीत, दोन्ही बाजूंना फळांनी ओसंडणारी शिंगे, आणि खाली चारही कडांनी गहू आणि द्राक्षांची किनार. "मशीन त्या दिवशी माझ्या बनियनने पुसलं," ते सांगत.

त्या पानांवर त्यांचा जीव का जडला, हे ते बोटाने दाखवत. जहाज सुटणार असेल त्या जाहिरातीवर बोटाच्या पेराएवढे जहाज. घर विकायचे असेल तिथे नखाएवढे घर, दोन खिडक्या, धुरांडे, एक झाड. घोड्याच्या जाहिरातीला घोडा. कुणी मोठा माणूस वारला की रकान्यांमधल्या रेघा जाड काळ्या. सगळे लाकडात नाहीतर शिशात कोरलेले, आणि छापणारा त्यांच्यासारखाच कुठल्यातरी आडव्या रस्त्यावरचा. "हा बघा, याच्याकडे चारच प्रकारची फुलं होती," ते म्हणत. "चार फुलांत यानं वर्षभर किनारी केल्या, एकदाही तीच केली नाही. माझ्याकडे सोळा फुलं आहेत आणि मी गणपती लावून मोकळा होतो." एखाद्या जहाजाच्या शिडाला तडा गेला असेल तर तो तडा दर आठवड्याला किती वाढला, हे ते अंकामागून अंक दाखवत. तारखा न वाचता, नुसत्या तड्यावरून, ते अंक क्रमाने लावू शकत. मी तारखा पाहून तपासायची. एकदाही चुकले नाहीत.

त्या कागदांची काळजी हे त्यांचे दुसरे मशीन होते, कधीच बंद न होणारे. तो कागद चिंध्यांपासून केलेला, आजच्या पेपरसारखा वर्षात पिवळा पडणारा नाही, हे त्यांनीच मला शिकवले. तरी त्यांना कसर दिसायची, वाळवी दिसायची, ओल दिसायची. "कॉफी वरच्या घरात, पेपर खालच्या घरात, मधे जिना," हा नियम. मी नुकता हात धुतला असला तरी म्हणत, "स्वल्प वाळू दे, अक्का." एका पावसाळ्यात ज्या दिवशी शेजारचे गटार तुंबून छापखान्यात घोट्याएवढे पाणी आले, त्या दिवशी त्यांनी गठ्ठा डोक्यावर घेतला आणि पाणी ओसरेपर्यंत जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभे राहिले. बायको खालून ओरडत होती, "अहो, ते तांदळाचं पोतं!" तांदूळ भिजले.

आता ठसा. इकडच्या आपल्या लग्नांत मुहूर्ताआधी नवरदेव संसार नको म्हणून काशीला निघतो. हातात काठी, छत्री, खांद्यावर बोचके. मांडवाच्या दारापर्यंत जातो, मग मुलीचे वडील नारळ घेऊन आडवे येतात आणि मुलगी देतो, परत फिरा म्हणून विनवतात. सगळे हसतात. तुमचे बाबा इतके जोरात निघाले होते की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले, आणि तुमच्या आजोबांना नारळ घेऊन स्कूटरींच्या मधून धावावे लागले. आईचे लग्न ठरले तेव्हा अण्णा म्हणाले, "माधवीच्या कार्डाला गणपती नाही लावणार. तिला नवीन ठसा."

आठ दिवसांनी त्यांनी तो आणून दाखवला. त्या गठ्ठ्यातल्या एका पानावर अशीच पेराएवढी आकृती होती: एक माणूस, पाऊल पुढे टाकलेला, खांद्यावर काठी, काठीच्या टोकाला बोचके. "काशीला निघालाय की नाही, सांगा!" अण्णांना इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी तो मोठा करून लाकडात कोरला. डोक्यावरची टोपी काढून पगडी घातली, रिकाम्या हातात छत्री दिली. चालण्याची ऐट मात्र तशीच ठेवली, आणि चेहराही तसाच, काळा. "एवढ्या ठशात नाकडोळे कोरले तर शाई भरते," ते म्हणाले. कार्ड सगळ्यांना आवडले. पुढे वीस-बावीस वर्षे अण्णांचा काशीवाला बसवनगुडीपासून राजाजीनगरपर्यंत किती घरांत गेला असेल, सांगता येणार नाही. लोक येऊन म्हणत, "ते काशीवालं द्या."

मी निवृत्त झाले तेव्हा आम्ही बनशंकरीला राहायला आलो होतो. अण्णांचा फोन आला. एक डिझाइन कॉलेज त्यांचा संग्रह मागत होते, पण आधी यादी हवी म्हणत होते. "तुमच्यासारखी कार्डं कोण लिहिणार? आणि मला तर वाचायचं नाही." तोवर लग्नानंतर अमेरिकेला गेलेली तुमची आई तिकडच्या जुन्या बाजारांतून अंक शोधून, दोन पुठ्ठ्यांत घालून, सुटकेसच्या तळाशी आणू लागली होती, त्यामुळे संग्रह वाढला होता. मी आठवड्यातून तीन दुपारी जाऊ लागले. पेपरचे नाव, गाव, तारीख, कोणती सजावट, कोणत्या पानावर. त्यांनी सांगायचे, मी लिहायचे. त्या काळचा इंग्रजी 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला अक्षरे लागेनात. मग लागू लागली. आणि मी वाचणारी बाई. जे समोर येईल ते वाचल्याशिवाय मला पान उलटता येत नाही.

काशीवाल्याच्या पानाशी आले तेव्हा अण्णा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. आकृतीखाली सतरा ओळी होत्या. सायमन नावाचा माणूस पळून गेला आहे. आडनाव नाही. वय बाविसाच्या आसपास. डाव्या हातावर भाजल्याचा डाग. बोलताना खाली बघतो. जाताना निळा कोट घातलेला आहे, आणि त्याची आई नदीपलीकडच्या एका मळ्यावर असल्यामुळे तो बहुधा तिकडे गेला असावा. जो कोणी त्याला पकडून मालकाच्या हवाली करील त्याला बक्षीस.

वैदेही, मी इंग्रजी शाळेत शिकले, इंग्रजी पुस्तकांत आयुष्य काढले. गुलामगिरीवर वाचलेले होते. पण ती आकृती दर वेळी कार्डावर पाहताना माझ्या मनात काशीच आली. दुसरे काही असू शकते, हे डोक्यात आले नाही. समोर यादीचे कोरे कार्ड होते. अण्णांची पावले ऐकू आली. मी लिहिले: "पथिक, काठी व बोचके. लहान ठसा. पान तीन." आणि कार्ड डब्यात टाकले.

ते तिथे सोळा महिने राहिले.

सोळा महिने मी का गप्प बसले, हे स्वतःला विचारून झाले आहे. त्यांचे हृदय नाजूक होते, बायको नुकती गेली होती, हे खरे. पण त्याहून खरे असे की आमच्या माधवीच्या कार्डावर तोच होता, आणि ते कार्ड मी काचेत लावून दिवाणखान्यात टांगले होते. मी ते एका सकाळी काढले आणि आजोबांना सांगितले की खिळा सैल झालाय. छापखान्यात शिरताना ट्रेडल मशीनची धडधड ऐकू आली की मी दारातूनच मान वाकडी करून कोणते कार्ड चढलेय ते पाहायची. गणपती असला तर श्वास सुटायचा.

त्याच काळात एक तरुण मुलगा आला, सॉफ्टवेअर कंपनीतला, आई-वडिलांना घेऊन. त्याला काशीवालाच हवा होता. "अंकल, माझे तीस-चाळीस कलीग अमेरिकेत आहेत, त्यांना खास पाठवायचंय. दे विल लव्ह इट." माझ्या हातातले पेन थांबले. मी म्हटले, "गणपती घ्या ना. शुभ असतो. तिकडे लोकांना गणपती माहीत असतो."

"काशीवालापण शुभच आहे की," मुलाची आई म्हणाली.

"मग मोर घ्या. मोर सुंदर आहे यांचा."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "अक्का, लायब्ररीत गेलं की तुम्ही तोंडावर बोट ठेवायला लावता. इथे माझं गिऱ्हाईक का पळवताय?" सगळे हसले. मीही हसले. कार्डे छापली, पाकिटांत भरली, गेली. त्यानंतर कित्येक आठवडे कुणाचा तरी फोन येईल, कुणीतरी विचारील, म्हणून मी वाट पाहत राहिले. कुणी विचारले नाही. कुणी ओळखले नाही, की ओळखून गप्प बसले, हे मला आजही ठाऊक नाही.

मग कॉलेजच्या लोकांची येण्याची तारीख ठरली. आदल्या दिवशी दुपारी अण्णा टेबलावर मांडामांड करत होते. गरुड इकडे, जहाजे तिकडे. काशीवाल्याचे पान त्यांनी अगदी मधे ठेवले, शेजारी स्वतः कोरलेला ठसा. "हा माझा लाडका. याचं कार्ड सगळ्यांत वर द्या."

मी डब्यातून कार्ड काढले आणि हातात धरून उभी राहिले. म्हटले, "अण्णा, हे कार्ड मी खोटं लिहिलंय."

ते हसले. "तुम्ही? खोटं? मग उद्या सूर्य पश्चिमेला, राजाजीनगरात उगवणार."

"खाली बसा. मी वाचून दाखवते."

"मला वाचायचं नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हे ऐकायलाच हवं."

माझा आवाज त्यांना वेगळा वाटला असावा. ते स्टुलावर बसले. मी सतरा ओळी एकेक करून मराठीत सांगितल्या. डाग, निळा कोट, आई. सांगून झाल्यावर त्यांनी पान स्वतःकडे ओढले आणि सरळ केले. माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच सरळ केले. बोट ओळींवरून सावकाश फिरवत, ओठ हलवत, त्यांनी शोधून काढले: सा-य-मन.

मला वाटले ते रागावतील, माझ्यावर नाहीतर स्वतःवर. ते म्हणाले, "सापडला का?"

"काय?"

"सापडला का तो? पकडला का?"

"मला माहीत नाही, अण्णा."

"मग पुढच्या अंकात बघा की!"

त्या पेपरचे आमच्याकडे पाच अंक होते; सायमननंतर मी त्यांतल्या ओळी वाचायचे टाळून नुसती सजावट उतरवत आले होते. आम्ही पाचही काढले. जाहिरात पाचही अंकांत होती. आणि तिच्या वर, खाली, शेजारच्या रकान्यात, तीच आकृती आणखी होती, आजवर त्यांनी किनारीकडे बघताना ओलांडलेली. अण्णांनी भिंग घेतले. "पायाजवळ हा टवका उडालाय, दिसतो? सगळ्यांत आहे. ठसा एकच आहे, अक्का." मग बोटाने मोजले. "सहा माणसं. ठसा एक." त्यांनी भिंग खाली ठेवले. मग म्हणाले, "मीपण तेच केलं. जो येईल त्याला हाच लावला."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माझ्यासमोर तर होतं. मी उलटं धरलं होतं." त्यांनी ठसा उचलून खिशात टाकला. "आपल्याकडे नवरदेवाला परत बोलावतात ते नारळ घेऊन. अय्यो, अक्का. आणि मी त्याला पगडी घातली."

दुसऱ्या दिवशी कॉलेजची माणसे आली, दोन तरुण मुली आणि एक प्राध्यापक. अण्णांनी त्यांना गरुड दाखवले, जहाजे दाखवली, इडली खाऊ घातली आणि सांगितले की संग्रह आत्ता देता येणार नाही. प्राध्यापकांनी कारण विचारले. "मी अजून वाचतोय," अण्णा म्हणाले.

आणि खरोखरच वाचू लागले. नुसत्या चित्रावरून काही कळणार नव्हते, कारण चित्र सगळ्यांचे एकच. कोण कुठला, हे ओळींतच होते. कन्नड शाळेत शिकलेल्या त्या माणसाने सत्तरी उलटल्यावर दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी वाचायला घेतले. अडले की मला फोन. "अक्का, 'स्टाउट' म्हणजे काय? 'लर्किंग' म्हणजे?" मी सांगायची: अंगाने भरलेला, लपून बसलेला. दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचा आवाज यायचा.

तुमच्या आईला त्यांनी एवढेच कळवले की त्या एका पेपरचे अंक मिळतील तेवढे हवेत. तिला वाटले मथळा आवडला असेल. पाच वर्षांत तिने चौदा शोधून पाठवले. त्या पाकिटांची आम्ही वाट पाहायचो आणि आले की उघडायला धजायचो नाही. कारण तेव्हाच्या पेपरांत दुसरीही एक सूचना असे, हे आम्हाला वाचता वाचता कळले होते: अमुक वर्णनाचा माणूस तुरुंगात आणून ठेवला आहे, मालकाने ओळख पटवून न्यावा. त्या सूचनांवर चित्र नसायचे. अण्णा आधी त्याच वाचत. डाग डाव्या हातावर आहे का, कोट निळा आहे का. एकदा एका सूचनेत हाताला डाग होता. अण्णांनी अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही वाचा, माझ्याने होत नाही." मी वाचले. डाग उजव्या हातावर होता, माणूस चाळिशीचा होता. आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग दोघांनाही लाज वाटली, कारण तो चाळिशीचा माणूस तर सापडलाच होता.

ठसा त्या दिवसापासून मशीनवर चढला नाही. गिऱ्हाइके विचारत. जुनी घरे, ज्यांच्या तीन-तीन लग्नांत काशीवाला होता, ती रुसत. एका आजोबांनी तर काठी आपटून विचारले, "अहो, कुठे गेला तुमचा काशीवाला?" अण्णा शाई कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "गेला. कुठे गेला मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचे हृदय दमले. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा त्यांना बोलायला त्रास होत होता. आईकडून आलेला शेवटचा अंक मी घरीच वाचून गेले होते. दारात मला बघताच त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटले, "नाही. यातही नाही. तुरुंगाच्या सूचनाही पाहिल्या. नाही."

"नक्की?"

"दोनदा वाचलं."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमधले 'बरं'. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सरी." चार दिवसांनी गेले. पुतण्याने छापखान्याची जागा विकली, आणि पेपरांच्या ट्रंका रिक्षातून माझ्याकडे आणून ठेवल्या. ठसा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, तोही त्याने दिला.

जाहिरात थांबली म्हणजे सायमन सुटला, असे धरून चालता येत नाही, हे मला कळते. मालक मेला असेल. त्याने नाद सोडला असेल. दुसऱ्या पेपरात जाहिरात दिली असेल. किंवा सायमन त्याच आठवड्यात, आईच्या दारात, सापडला असेल, आणि कळवायची गरज कुणाला वाटली नसेल. मी हे सगळे अण्णांनाही सांगितले होते. मला खोटे लिहायची दुसरी पाळी यायला नको होती.

वैदेही, तुझ्या नवरदेवाच्या, मार्कसच्या, आजीचे आजोबा गुलामीत जन्मले होते, हे तूच मला सांगितलेस. कार्ड त्या आजींच्या हातात जाईल. त्या चष्मा लावून ते बघतील, आणि पगडी आणि छत्री असूनही त्या त्याला ओळखतील असे मला वाटते. मला त्याची भीती वाटते आहे, आणि तू माझ्यावर रागावशील याचीही. पण या वेळी मी सोळा महिने थांबणार नाही. ठसा मी पाठवत नाही. ज्यांनी कोरला त्यांनीच तो बंद केला होता. मार्कसला हे सांगायचे का, ते तुम्ही ठरवा. माझे मत विचाराल तर सांगावे, आणि आईलाही मीच आज फोन करून सांगेन. कार्डासाठी मी अण्णांची गहू आणि द्राक्षांची किनार पाठवते आहे. तिच्याखालचा मजकूर पूर्ण वाचला आहे. गावात नवा पूल बांधल्याची बातमी आहे.

यादीतले ते कार्ड मी नव्याने लिहिले आहे. सतरा ओळी पूर्ण उतरवल्या आहेत. जुने त्याच्या मागे टाचून ठेवले आहे. ट्रंका तीन आहेत. दर शनिवारी उघडून मी कडुलिंबाचा पाला बदलते. त्या पेपरचे एकूण एकोणीस अंक आहेत. तारखेने लावले, तर पहिल्या अकरांत सायमनची जाहिरात आहे. पुढच्या आठांत नाही.